प्लेग, पहारा आणि कुलूपबंद घरं: १६व्या ते १८व्या शतकातल्या युरोपाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतल्या पुस्तकात युरोपातला प्लेग दोन ओळींत उरकलेला असतो: उंदीर आले, माणसं मेली, मग प्रबोधन आलं. प्रत्यक्षात हा रोग तिथे साडेतीनशे वर्षांहून जास्त मुक्कामाला होता. तेवढ्या काळात गावांनी, नगरसभांनी आणि साध्या घरांनी त्याच्याशी जगण्याच्या रीती बसवल्या. लोक त्याबद्दल जे नेहमी विचारतात, त्याची ही उत्तरं.

हा तोच १३४७चा ‘काळा मृत्यू’ ना?

रोग तोच, पण साथ वेगळी. ऑक्टोबर १३४७मध्ये सिसिलीतल्या मेसिना बंदरात जहाजं लागली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत युरोपातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. त्यानंतर प्लेग गेला नाही. दर दहा-वीस वर्षांनी कुठल्या ना कुठल्या शहरात तो डोकं वर काढायचा. व्हेनिसमध्ये १५७५ ते ७७च्या साथीत पन्नास हजारांच्या आसपास माणसं गेली. मिलानमध्ये १६३० साली सव्वा लाखाच्या वस्तीतली साधारण साठ हजार, स्पेनमधल्या सेव्हियात १६४९ साली जवळजवळ निम्मं शहर, नेपल्समध्ये १६५६ साली दीड लाखाच्या घरात. मग १६६५चं लंडन आणि १७२०चं मार्सेय, हे फ्रान्सचं बंदर.

मोठा फरक असा की १३४७मध्ये लोकांना काय कोसळलंय तेच कळलं नव्हतं. १६३०पर्यंत मात्र शहरांकडे आरोग्य मंडळं, नोंदवह्या, पहारेकरी आणि कायदे होते. त्यामुळे या पानावर रोगाइतकंच, किंबहुना जास्तच, बंदोबस्ताबद्दल वाचायला मिळेल.

रोग नेमका कशाचा होता? आणि तेव्हा लोकांना काय वाटायचं?

‘यर्सिनिया पेस्टिस’ नावाचा जीवाणू. तो उंदरांत राहतो आणि पिसवांमार्फत माणसात येतो. जांघेत, काखेत किंवा मानेवर गाठ येते, सणसणून ताप भरतो, आणि उपचार नसतील तर निम्म्याहून जास्त रोगी काही दिवसांत दगावतात. लंडनमध्ये रेल्वेमार्गासाठी खोदताना सापडलेल्या १७व्या शतकातल्या सांगाड्यांच्या दातांत याच जीवाणूचा डीएनए मिळाला, म्हणजे १६६५चा आरोपी पक्का झाला आहे. तेव्हा तो उंदरांच्या पिसवांनी जास्त पसरवला की माणसांच्या अंगावरच्या पिसवा-उवांनी, यावर मात्र अभ्यासकांची भांडणं चालूच आहेत.

तेव्हाची समजूत होती दूषित हवेची. म्हणून रस्त्यात शेकोट्या पेटवायच्या, नाणी व्हिनेगरमध्ये बुडवायची, पत्रं धुरी देऊन मग उघडायची. तंबाखूला औषधाचा मान होता. ईटनच्या शाळेत १६६५ साली मुलांना रोज सकाळी तंबाखू ओढायला लावत आणि ओढली नाही म्हणून आपल्याला सणसणीत फटके बसले, असं तिथल्या एका जुन्या विद्यार्थ्याने म्हातारपणी सांगितल्याची नोंद आहे. लंडनच्या नगरसभेने कुत्री-मांजरं मारायचा हुकूम काढला. उंदरांचे शत्रूच सरकारने संपवले!

‘घर बंद करणे’ म्हणजे नक्की काय करायचे?

या सगळ्या इतिहासात माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर.

लंडनमध्ये घरातल्या एकाला गाठ आली की बाहेरून कुलूप. दारावर फूटभर लांबीचा लाल क्रूस आणि त्यावर ‘प्रभो, आमच्यावर दया कर’ ही ओळ. दोन पहारेकरी, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. आत अडकलेल्यांना काही हवं असेल तर पहारेकऱ्याला सांगायचं. तो बाजारात जाताना दाराला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवायचा. ही कोंडी साधारण चाळीस दिवसांची. आत आणखी कोणी आजारी पडलं की मुदत लांबायची.

रोग्याबरोबर धडधाकट माणसंही आत असत, हा यातला खरा जाच. बाप तापाने फणफणलेला, आणि बायको, चार पोरं, एखादी मोलकरीण त्याच दोन खोल्यांत. १६०४च्या इंग्लिश कायद्यात अंगावर गाठ असताना बाहेर पडून लोकांत मिसळणाऱ्याला थेट फाशीची तरतूद होती. गाठ नसलेला पळाला तर त्याला भटक्या ठरवून चाबकाचे फटके. तरीही लोक पळायचेच. परसातल्या भिंती फोडून, छपरावरून, पहारेकऱ्याला दारू पाजून किंवा त्याला सरळ बडवून. रोगी वेगळे आणि निरोगी वेगळे ठेवा, सगळ्यांना एकत्र कोंडणं म्हणजे खून आहे, अशी पत्रकं लंडनमध्ये १६६५ सालीच छापली गेली होती. पण रोग्यांना वेगळं ठेवायला जागा हवी, आणि लंडनची ‘पेस्टहाउसं’ काही शे माणसांपलीकडे पुरणारी नव्हती.

फ्लॉरेन्सने हेच काम जास्त शहाणपणाने केलं. जानेवारी १६३१मध्ये तिथल्या आरोग्य मंडळाने जवळजवळ सगळं शहर चाळीस दिवसांसाठी घरात बसवलं आणि गरिबांच्या जेवणाची जबाबदारी स्वतः घेतली. पाव आणि वाइन रोज. काही दिवस मांस, काही दिवस भात आणि चीज. मंगळवारी मिरी, बडीशेप आणि रोझमेरी घातलेला सॉसेज, शुक्रवारी कडू-गोड पाल्याची कोशिंबीर. तीस हजारांवर लोकांना हा शिधा दारात मिळत होता. मंडळाचे लोक दानशूर होते असं समजू नका. उपाशी माणूस घरात बसत नाही, एवढा साधा हिशोब त्यांना कळला होता. नियम मोडणाऱ्यांवर खटलेही त्यांनीच भरले. मैत्रिणींना जमवून नाच केला म्हणून पकडलेल्या कोवळ्या मुलींचा खटला फ्लॉरेन्सच्या दप्तरात आजही वाचता येतो. ताकीद देऊन त्यांना सोडलं.

त्याच शहरात श्रीमंतांच्या वाड्यांच्या भिंतीत वाइन विकायच्या छोट्या खिडक्या होत्या, वाइनची बाटली जेमतेम जाईल एवढ्या. साथीत विक्रेता त्यातून पत्र्याचं फावडं पुढे करायचा, गिऱ्हाइकाने त्यावर नाणी टाकायची, ती व्हिनेगरमध्ये पडायची. गिऱ्हाइकाचा हात विक्रेत्याला लागतच नसे.

राजा आणि रंक, सगळ्यांना सारखाच फटका बसला का?

मुळीच नाही. वैद्यांचा जुना सल्लाच होता: लवकर निघा, लांब जा, उशिरा परता. हा सल्ला पाळायला घोडागाडी आणि खेड्यात दुसरं घर लागतं. १६६५च्या उन्हाळ्यात राजा दुसरा चार्ल्स दरबारासकट लंडनबाहेर पडला आणि शेवटी ऑक्सफर्डला जाऊन राहिला. संसदही तिथेच भरली. पैसेवाले व्यापारी, बरेचसे डॉक्टर आणि बरेचसे पाद्री त्यांच्यामागे गेले. मालक गेला की नोकरांना सुट्टी, म्हणजे एका दिवसात काम, छप्पर आणि जेवण तिन्ही गेलं. शहराबाहेर पडायला निरोगी असल्याचा दाखला लागायचा, आणि तो असला तरी पुढचं गाव वेशीवरून दांडकी दाखवून परत पाठवायचं.

महापौर सर जॉन लॉरेन्स मात्र शहरातच राहिला. औषधविक्रेता विल्यम बॉगहर्स्ट आणि डॉक्टर नथॅनियल हॉजेस यांनीही रोगी सोडले नाहीत. नौदल कचेरीतला सॅम्युअल पेपीस बायकोला बाहेरगावी पाठवून स्वतः कामावर येत राहिला. ७ जूनला ड्र्युरी लेनमध्ये लाल क्रूसाची दारं दिसल्यावर त्याने हुंगायला आणि चघळायला तंबाखू विकत घेतल्याचं त्याच्या रोजनिशीत आहे. सप्टेंबरमध्ये त्याला वेगळीच धास्ती: नवा केसांचा टोप घालावा की नको? न जाणो, प्लेगने मेलेल्याच्या डोक्यावरचे केस असले तर!

मेलेल्यांचे आकडे कोणी मोजले? ते खरे आहेत का?

लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्युपत्रक छापून निघायचं. कुठल्या पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) किती मेले आणि कशाने, हे त्यात असे. १२ ते १९ सप्टेंबर १६६५ या एका आठवड्यात प्लेगखाली ७,१६५ मृत्यू नोंदले गेले. वर्षाची बेरीज ६८,५९६. खरा आकडा लाखाच्या आसपास असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात.

ही तफावत कशी आली, ते नोंद करणाऱ्याकडे पाहिलं की उलगडतं. प्रेत तपासून कारण सांगायचं काम पॅरिशने नेमलेल्या म्हाताऱ्या, गरीब बायकांकडे असे, बहुतेक विधवा. लोकांनी लांबूनच ओळखून बाजूला व्हावं म्हणून त्यांच्या हातात रंगीत काठी. मोबदला प्रेतामागे चार कवड्या. आणि त्यांनी ‘प्लेग’ म्हटलं की घराला कुलूप! मग घरच्यांनी हातावर काही ठेवलं की प्लेगचा साधा ‘ताप’ व्हायचा. ज्या बाईला पॅरिशच्या धर्मादाय पैशावर जगायचं आहे, तिच्यावर अख्ख्या शहराचा हिशोब टाकलेला. चूक तिची मानायची की नेमणाऱ्यांची? शिवाय क्वेकर वगैरे जे पंथ चर्चच्या दफनभूमीत प्रेतं नेतच नसत, ते या पत्रकात धड आलेच नाहीत.

तरी याच पत्रकांवरून जॉन ग्राँट नावाच्या कापड व्यापाऱ्याने १६६२ साली जन्ममृत्यूचे हिशोब मांडले. लोकसंख्याशास्त्राची सुरुवात तिथून धरतात.

मिलानमध्ये ‘प्लेग फासणारे’ म्हणून लोकांना मारलं, हे खरं का?

खरं आहे, आणि खटल्याचे कागद शिल्लक असल्यामुळे तपशीलही ठाऊक आहे.

आधीची पार्श्वभूमी अशी. मांतुआच्या गादीसाठी चाललेल्या लढाईत १६२९ साली जर्मन फौजा उत्तर इटलीतून गेल्या आणि प्लेग सोडून गेल्या. मिलानचं आरोग्य मंडळ सावध करत होतं, पण लोक ऐकेनात. प्लेग आहे म्हणणाऱ्या डॉक्टरांना रस्त्यात शिव्या बसत. जून १६३०मध्ये लोकांच्या आग्रहापुढे नमून आर्चबिशपने संत कार्लो बोर्रोमेओच्या अस्थींची मिरवणूक काढली. सगळं शहर गर्दीने लोटलं आणि पुढच्या दिवसांत मृत्यू भराभर वाढले. मिरवणुकीमुळे वाढले असं कोण म्हणणार? गर्दीत कोणीतरी विष फासलं, असं ठरलं.

२१ जूनच्या पावसाळी सकाळी कातेरिना रोझा नावाच्या बाईने खिडकीतून एक माणूस पाहिला. तो वळचणीखालून भिंतीला खेटून चालला होता, हातात कागद, आणि मध्येच बोटं भिंतीला पुसत होता. तो गुलिएल्मो पियात्सा, आरोग्य मंडळाचाच कर्मचारी. नोंदी करता करता शाईची बोटं पुसली असतील, पाऊस चुकवायला कडेने चालला असेल. पण दुपारपर्यंत गल्लीभर बोभाटा झाला. त्याला दोरावर टांगून छळलं. ‘नाव सांग, माफी देतो’ म्हटल्यावर त्याने जानजाकोमो मोरा या न्हाव्याचं नाव घेतलं. मोरा प्लेगवरचा मलम बनवून विकायचा. त्याच्या घरी धुण्याच्या खारट पाण्याची कढई सापडली आणि तेच विष ठरलं. छळाखाली मोरानेही कबुली दिली.

ऑगस्टच्या सुरुवातीला दोघांना गाड्यावरून शहरभर फिरवत तापल्या सांडशीने डागलं, उजवे हात तोडले, हाडं मोडून चाकावर बांधलं, तासन्‌तास तसंच ठेवून मग गळे चिरले. मोराचं घर पाडून तिथे ‘बदनामीचा खांब’ उभारला. पुढे आरोपींनी किल्लेदाराच्या मुलालाही यात गोवलं. त्याला चांगला वकील मिळाला, आणि तो निर्दोष सुटला. एकच खटला, एकच पुरावा. खांब १७७८पर्यंत उभा होता.

अशी प्रकरणं इतरत्रही झाली. जिनिव्हात १५४५ साली दाराच्या कड्यांना मलम फासल्याच्या आरोपावरून अनेकांना ठार केलं, त्यात बायका बऱ्याच.

ईम गावाची गोष्ट किती खरी, किती रचलेली?

इंग्लंडच्या डर्बीशरमधलं हे खेडं. सप्टेंबर १६६५मध्ये गावातल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. ओलसर कापड शेकायला उघडणारा जॉर्ज व्हिकर्स ७ सप्टेंबरला दफन झाला. हिवाळ्यात साथ मंदावली आणि पुढच्या उन्हाळ्यात भडकली. तेव्हा तरुण पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि आधीचा, पदावरून काढलेला पाद्री थॉमस स्टॅन्ली यांनी मिळून गावाला वेशीबाहेर न जाण्यासाठी राजी केलं. दोघांचं धर्ममतात जमत नव्हतं, हे विशेष. प्रार्थना उघड्यावर, प्रत्येकाने आपापले मृत आपापल्या वावरात पुरायचे, आणि वेशीवरच्या दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात पैसे ठेवायचे. शेजारची गावं धान्य ठेवून जायची. डेव्हनशरचा अर्लही रसद पुरवत होता.

ऑगस्ट १६६६मध्ये एलिझाबेथ हॅन्कॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली, एकटीने. पाद्र्याची बायको कॅथरिनही त्याच महिन्यात गेली. एकूण मृत्यू सुमारे २६०. गावात माणसं किती होती याचे अंदाज साडेतीनशेपासून आठशेपर्यंत जातात, त्यामुळे ‘तीन चतुर्थांश गाव मेलं’ हे वाक्य जपून वापरावं.

रचलेला भाग म्हणजे पुढच्या दोन शतकांत चढलेला त्यागाचा मुलामा. मॉम्पेसनने स्वतःची मुलं आधीच बाहेर पाठवली होती. ऐपत असलेले आणखीही काही निघून गेले. उरलेल्यांना शेजारच्या गावांनी आत घेतलंही नसतं. तरी जून ते ऑक्टोबर ती वेस पाळली गेली, आणि रोग आसपास पसरला नाही. तेवढं पुरेसं मोठं आहे.

इतके नियम होते, तर १७२०मध्ये मार्सेयला एवढा अनर्थ कसा झाला?

नियम युरोपातले उत्तमांपैकी होते. रागुझाने (आजचं दुब्रोव्हनिक) १३७७मध्येच येणाऱ्यांना तीस दिवस वेगळं ठेवायला सुरुवात केली होती, व्हेनिसने १४२३मध्ये बेटावर लाझारेत्तो, म्हणजे विलगीकरणाचं इस्पितळ, उभारला होता, आणि मार्सेयने तोच धडा गिरवला होता.

२५ मे १७२०ला ‘ग्राँ-सॅन्त-अँत्वान’ हे जहाज पूर्व भूमध्य समुद्रातून सूत आणि रेशीम घेऊन आलं. वाटेत त्यावर अनेक मृत्यू झालेले होते. रिवाजाप्रमाणे ते दूरच्या जार बेटावर थांबायला हवं होतं. पण जुलैत बोकेरची मोठी जत्रा होती, माल तिथे पोचायला हवा होता, आणि मालात हिस्सा असलेल्यांमध्ये शहराचा पहिला नगराधिकारी एस्तेल होता. भारी माल शहरालगतच्या लाझारेत्तोत उतरवला गेला. गठ्ठ्यांतून कापड चोरून बाहेर गेलं. पुढचं सांगायला नको. नव्वद हजारांच्या शहरातली साधारण चाळीस हजार माणसं गेली, आणि सगळ्या प्रोव्हान्स प्रांतात मिळून लाखाच्या आसपास. ला तुरेतच्या चौकात आठवडेच्या आठवडे सडलेली प्रेतं शेव्हालिए रोझ या अधिकाऱ्याने वल्हेकरी कैदी लावून अर्ध्या तासात हलवली. कैद्यांपैकी फारच थोडे जगले. जहाजाचा कप्तान तुरुंगात गेला. एस्तेलला मात्र पुढे सरदारकी मिळाली.

रोग उत्तरेला जाऊ नये म्हणून १७२१मध्ये व्होक्लूझच्या डोंगरात २७ किलोमीटरची दगडी भिंत बांधली. ती होते न होते तोच रोग भिंतीच्या सुरक्षित मानलेल्या बाजूला शिरला, आणि मग पहारा तोंड फिरवून उभा राहिला.

चोचीचा मुखवटा घातलेले डॉक्टर सगळीकडे फिरायचे का?

नाही. हा पोशाख १७व्या शतकातला, मुख्यतः फ्रान्स-इटलीतला. शार्ल द लोर्म या राजवैद्याला त्याचं श्रेय देतात. मध्ययुगाशी त्याचा संबंध नाही. आपल्या डोळ्यांसमोरचं चित्र बरंचसं १६५६च्या साथीतल्या डॉक्टरांवर टीका करणाऱ्या जर्मन छापील चित्रांमुळे आहे.

धर्माचं काय?

नवस, मिरवणुका, संत रोक आणि संत सेबास्टियन यांचा धावा, सगळं होतं. प्रोटेस्टंट देशांत संतांऐवजी उपवास आणि सामुदायिक प्रार्थनेचे दिवस. आरोग्य मंडळ गर्दी नको म्हणायचं आणि चर्च गर्दी जमवायचं, ही ओढाताण इटलीत सतत दिसते. मॉस्कोत १७७१ साली ती टोकाला गेली: चुंबन घ्यायला जमणाऱ्या गर्दीपासून मेरीची पवित्र प्रतिमा हलवायचा प्रयत्न आर्चबिशप अँब्रोसीने केला, तर जमावाने त्यालाच ठार मारलं.

पण लाझारेत्तोतली घाण उपसायला बहुतेक ठिकाणी संन्यासीच उभे राहिले. मिलानच्या २८८ खोल्यांच्या लाझारेत्तोचा सगळा कारभार कापुचिन पंथीयांनी चालवला.

शेवटी प्लेग गेला कशाने?

एका कारणावर एकमत नाही. बंदरांतली बंदी, ऑस्ट्रियाने ऑटोमन सीमेवर उभारलेला लांबलचक लष्करी पहारा, घरबांधणीतले बदल, उंदरांच्या जातीतली अदलाबदल, सगळ्यांचे समर्थक आहेत. मला पहाऱ्याचं पारडं जड वाटतं. रोमने १६५६मध्ये त्रास्तेव्हेरे हा भाग रातोरात बंद केला आणि नुकसान वस्तीच्या साधारण आठव्या हिश्शावर रोखलं, तर त्याच वर्षी ढिलाई करणाऱ्या नेपल्सने निम्मी माणसं गमावली.

मुंबई-पुण्याच्या प्लेगशी याचा काही संबंध आहे का?

सरळ आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. युरोपाने घाबरून १८९७च्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरवली, तीही व्हेनिसमध्येच. त्याच फेब्रुवारीत इथे साथरोग कायदा आला. घरझडती, सक्तीचं विलगीकरण, सामान जाळणं, प्रवाशांची तपासणी: ही सगळी हत्यारं युरोपातल्या जुन्या पेटाऱ्यातली. पुण्यात रँडच्या हाताखाली ती गोऱ्या सोजिरांनी चालवली, आणि २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली.

गंमत अशी की अलेक्झांडर यर्सिन या संशोधकाने १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये जीवाणू शोधला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोचतो हे अजून कोणाला ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने मुंबईत काम केल्यावर १८९८मध्ये कराचीत पिसवेचा दुवा दाखवला.

त्या काळच्या खुणा आज कुठे पाहता येतात?

व्हेनिसमध्ये जुलैच्या तिसऱ्या रविवारी रेदेन्तोरेच्या चर्चपर्यंत कालव्यावर तात्पुरता पूल घालतात. ते चर्च १५७५च्या साथीच्या नवसाचं. सालूतेचं चर्च १६३०च्या नवसाचं, त्याचा उत्सव २१ नोव्हेंबरला. ईममध्ये ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी प्रार्थना होते आणि हॅन्कॉक कुटुंबाच्या समाध्या गावाबाहेर माळावर आहेत. व्होक्लूझच्या भिंतीलगत पायवाट आहे. बव्हेरियातल्या ओबरामरगाउने १६३३ साली नवस बोलून सुरू केलेलं ख्रिस्ताच्या यातनांचं नाटक दर दहा वर्षांनी होतं. करोनामुळे २०२०चा प्रयोग २०२२ला ढकलावा लागला, पुढचा २०३० साली आहे. आणि मिलानमधल्या त्या बदनामीच्या खांबाशेजारची कोरीव शिळा स्फोर्झा किल्ल्याच्या संग्रहालयात ठेवली आहे.